वाढत्या अंगाचं इंजिन

"इंजिन म्हणजे काय कोट वाटला तुला? उसवला, शिवला, इस्त्री फिरवली आणि दिला गिऱ्हाइकाला!"

"उसवलेलं परत शिवता येतं, एवढं मला कळतं. तू तर नुसतं पडदा टाकून झाकून ठेवलंस."

"झाकलं तेच बरं केलं. माझा पाय बघ आधी, मग बोल."

"पायाचं मला वाईट वाटतं रे. पण ब्रेक तू बघितला नव्हतास. त्यात गाडीचा काय गुन्हा?"

"उद्या भंगारवाल्याला बोलावतो. विषय संपला."

"बोलाव. मी गाडीवर बसून राहते. माझंही वजन करून घे म्हणावं."

मी मागे मोरीत भांडी घासत होते. नळ अगदी बारीक केला. पूर्ण बंद करायचा नसतो. बंद केला की भांडणाऱ्यांना कळतं, कोणीतरी ऐकतंय, आणि मग चांगलं रंगात आलेलं भांडण वाया जातं.

भांडत होते ते आमचे हे, म्हणजे माझे यजमान, आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. माझ्याहून लहान, पण मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "हिला वन्सं म्हणायचं," आणि ते तोंडात बसलं ते बसलंच. त्यांनीही मला कधी वहिनी सोडून दुसरी हाक मारली नाही. या वन्संचीच गोष्ट मी लिहितेय. माझी शाळा दोन-तीन इयत्तांपुढे गेली नाही, तेव्हा अक्षर आणि वेलांट्या पोटात घाला.

वन्सं शिवणकाम करायच्या. लग्न झालं नाही की त्यांनी केलं नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर यायचं. सासऱ्यांचं शिवणाचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. सासरे गेले, मशीन वन्संकडे आलं. गल्लीत त्यांना बॉबिनबाई म्हणायचे, कारण एकदा बोलायला लागल्या की आतला दोरा संपेपर्यंत थांबायच्या नाहीत. हात मात्र सोन्याचा. लहान मुलांचे कपडे शिवताना आत भरपूर कापड दुमडून ठेवायच्या आणि देताना ठरलेलं वाक्य म्हणायच्या: "आत जागा सोडली आहे. वाढलास की आण, उसवून देईन." एकेक शाळेचा गणवेश तीन भावंडांनी घातलाय आमच्या गल्लीत.

पण मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांची दुकानं झाली आणि गिऱ्हाईक आटलं. पुढच्या खोलीत वन्सं आणि एक माशी, दोघीच बसलेल्या दिसायला लागल्या. तशात एक मोबाईलवाला आला. खोली रस्त्याला लागून आहे, उन्हाळा संपला की दुकान थाटतो, भाडं चांगलं देतो म्हणाला. यांना ते पटलं. "मशीन मागे ने, जमेल तेवढं उसवण-टाचण कर," असं हे बहिणीला म्हणाले. वाईट मनाने नाही म्हणाले. पण मागची खोली म्हणजे एक खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघणारी. तिथे मशीन गेलं असतं तर मशीन मेलं असतं आणि मशीनबरोबर वन्सं, हे मला भांडी घासता घासता कळत होतं.

वन्संनी तोड काढली होती. टेकडीवरच्या दवाखान्यात नव्या नर्स येणार होत्या. तिथल्या मोठ्या सिस्टरला सगळ्यांचे गणवेश शिवून हवे होते. अट एकच. मापं वर येऊन घ्यायची, कपडे वर आणून द्यायचे, आणि नंतरही कमी-जास्त करायला आठवड्याला एक फेरी मारायची. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. पुढचा चढ असा की रिकामा माणूसही मधे दोनदा बसतो. "गिऱ्हाईक माझ्या दारी येत नाही ना, मग मी त्याच्या दारी जाते," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांची नजर मागच्या पडवीत पडदा टाकलेल्या मोटरसायकलकडे गेली. भांडण तिथून पेटलं.

ती गाडी यांची. तरुणपणी जुनीच घेतली होती. पळणारी गाडी, पुढे वाकून बसायचं, टाकी अशी फुगीर की दबा धरून बसलेलं जनावर वाटावं, आणि पुढे प्लॅस्टिकचं टोकदार तोंड. लाल रंग. हे तिच्यावर बसले की गल्लीतली पोरं सरळ उभी राहायची. बहिणीला मैदानात नेऊन यांनीच शिकवली. सासऱ्यांना पत्ता नाही. मग एके दिवशी त्याच टेकडीवरून उतरताना वळणावर ब्रेक लागला नाही. गाडी कठड्यावर, हे गटारात. पाय सांधला, पण गुडघा वाकायचा तो राहिला. तेव्हापासून हे त्या पडद्याकडे पाठ करून बसायचे.

त्या दिवशीच्या भांडणाचा शेवट असा झाला. हे म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत. तोवर ती गाडी टेकडी चढून उतरली तर खोली तुझी. नाही तर गाडी भंगारात आणि मशीन मागे."

"आणि मधे मला टोमणे मारायचे नाहीत."

"ते मी कबूल करत नाही."

दुसऱ्या दिवशी वन्संनी पडदा काढला. उंदरांनी सीटमधला फोम नेऊन स्वतःचा संसार थाटला होता. टाकीत गंज, साखळीचा एक गठ्ठा झालेला, टायर हात लावला की भुगा. कोपऱ्यावरचा मिस्त्री बघायला आला. याला सगळे थांबा-मिस्त्री म्हणत. काहीही विचारा, आधी "थांबा" म्हणणार, मग गाडीभोवती फिरणार, मग पुन्हा "थांबा."

"थांबा," तो म्हणाला. "बाई, हिच्यावर खर्च करण्यापेक्षा एखादी बरी सेकंडहँड स्कूटर घ्या."

"माझ्याकडे स्कूटर नाही. ही आहे."

"हिचे पार्ट मिळत नाहीत आता. कंपनीने बनवणं बंद केलं."

"कापड मिळत नाही म्हणून मी कधी शिवायची थांबले का? तुझी डांगरी बघ, गुडघ्यावर फाटलीय. पाने कुठे ठेवतोस, मागच्या खिशात? बसलास की टोचत असतील."

मिस्त्रीने नकळत मागे हात लावला. ठरलं. वन्संनी त्याला नवी डांगरी शिवून द्यायची, पान्यांचे खिसे मांडीवर, आणि त्याने त्यांना हत्यारं वापरू द्यायची व अडेल तिथे सांगायचं. पैसे जवळ नव्हतेच, तेव्हा सगळा उन्हाळा असाच गेला. भंगारवाल्याच्या टेंपोला ताडपत्रीचं छत शिवलं आणि बदल्यात त्याच्या ढिगात हवं ते शोधायची मुभा मिळवली. लेथवाल्याच्या बायकोचे पडदे शिवले. रंगवाल्याच्या लेकीचा फ्रॉक. गल्लीत त्या उन्हाळ्यात लोक एकदम नीटनेटके दिसायला लागले, त्याचं कारण आमच्या पडवीत सुटं होऊन पडलं होतं.

वन्संनी गाडी खोलली ती शिवणकाराच्या पद्धतीने. मिस्त्री सगळे बोल्ट एका डब्यात टाकतो. वन्संनी प्रत्येक तुकड्याला चिंध्यांची छोटी पिशवी शिवली. डाव्या बाजूचं असेल तर लाल दोरा, उजवीचं असेल तर पांढरा. काढलेल्या क्रमाने पिशव्या कपड्यांच्या दोरीवर टांगल्या. "उसवताना क्रम डोळ्यांपुढे राहिला पाहिजे, वहिनी. शिवताना तीच वाट उलटी चालायची." आमच्या दोरीवर इंजिन वाळत घातलेलं असायचं आणि माझे कपडे कठड्यावर.

स्वतःचं मापही त्यांनी घेतलं. गाडीवर बसल्या आणि मला टेप धरायला लावली, खांद्यापासून हँडलपर्यंत, कमरेपासून पायठेवणीपर्यंत. "ही गाडी कुठल्यातरी लांब हातांच्या पोराच्या मापाची आहे. मला बाह्या लांब होतात." भंगारातून थोडं उंच हँडल शोधून आणलं. सीट तर घरचंच काम. फोम कोरून बसका केला, वरून जाड काळं रेक्झिन, दुहेरी टीप. मागे दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या पिशव्या, आत पातळ फळी, म्हणजे इस्त्री केलेल्या कपड्याला घडी पडणार नाही. असल्या पळण्याच्या गाडीला असल्या पिशव्या कोणी पाहिल्या नव्हत्या. थांबा-मिस्त्री बराच वेळ बघत राहिला आणि पहिल्यांदाच "थांबा" न म्हणता म्हणाला, "मला पण शिवून द्या."

हे या सगळ्यात नव्हते. कॉटवर बसून पेपर वाचायचे. पण पेपरचं पान उलटत नव्हतं, ते मला दिसायचं.

आता झालेल्या चुकीबद्दल सांगते. अशी चूक मिस्त्रीच्या हातून शंभर वर्षांत झाली नसती. ती शिवणाऱ्या हातालाच सुचणार.

इंजिनाचे दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात, तिथे मधे जाड कागदाचं पॅकिंग असतं. त्याला बोल्टांची भोकं असतात आणि एक भोक तेलाचं, त्यातून तेल इंजिनाच्या माथ्यापर्यंत चढतं. तयार पॅकिंग कुठेच मिळेना. मिस्त्री म्हणाला, कागद आणून देतो, कापावं लागेल. कागद आणि कात्री म्हटल्यावर वन्संचा चेहरा असा खुलला, जणू परक्या गावात माहेरचं माणूस भेटलं. जुन्या पॅकिंगचा छाप घेतला, खडूने आखलं, आणि कापलं. पण शिवणारा माणूस काज पहिल्यांदा बारीकच कापतो. मोठं काज लहान करता येत नाही, लहान काज मोठं करता येतं. आणि कापड नेहमी आत थोडं जास्तीचं सोडतो. हाताला लागलेली सवय. बोल्ट आत जाईनात तेव्हा त्यांनी आपापली भोकं मोठी करून घेतली. तेल काही तक्रार करत नाही. त्याचं भोक सुईच्या नेढ्यापेक्षा जरासंच मोठं राहिलं.

गाडी उभी राहिली तेव्हा गल्ली जमली. लाल रंग, काळी सीट, पिशव्या. मोबाईलवालाही आला होता, खोलीवर नजर ठेवून. वन्संनी किक मारली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा ठसकली. मग लागली, आणि असा काही आवाज, गोल, भरदार, की माझ्या अंगावर काटा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत हे कॉटवरून उठलेले मी पाहिले. वन्संनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. दारापाशी आली आणि इंजिनाच्या माथ्यातून एक किंकाळी निघाली. डुकराची असते तशी. जळका वास, धूर, आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. किक जागची हलेना.

मोबाईलवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो घसा साफ करून म्हणाला, "मग मी आत जाऊन फळ्यांचं माप घेऊ का?"

मला वाटलं, आता वन्सं रडतील नाहीतर मारतील. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या हातात दिली. "घ्या की. माप घ्यायला काय लागतं. उन्हाळा अजून संपलेला नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि टेप परत द्या, मला लागते."

तो बिचारा दारातच टेप धरून उभा राहिला. माप घ्यायला आत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीत पुन्हा दोरी बांधली, पुन्हा पिशव्या. वन्सं उसवत गेल्या. पॅकिंगपर्यंत आल्या, ते उजेडात धरलं, आणि मला हाक मारली. मी हात पुसत गेले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबत नाही.

"वहिनी, हे बघा. तेलाला काज करून ठेवलंय मी! आत जागा सोडली आहे! मला वाटलं, वाढेल म्हणून." पुन्हा हसल्या. "वाढत्या अंगाचं इंजिन शिवलं हो मी."

"मग आता?"

"आता काय. माथ्यावरचा दांडा खरवडला गेलाय, तेल न मिळाल्यामुळे. त्याला कॅम म्हणतात. भंगारात शोधायचा." हसू ओसरलं. "दिवस थोडे आहेत, वहिनी. पण निदान कुठे चुकलं ते तरी कळलं."

सकाळी मी चहा घेऊन पडवीत गेले तर हे तिथे. छोट्या स्टुलावर बसलेले, न वाकणारा पाय समोर सरळ पसरलेला, मांडीवर कार्बोरेटर, आणि ते दात घासायच्या ब्रशने साफ करणं चाललेलं. ब्रश माझा.

"अहो!"

"हवा जास्त जात होती आणि पेट्रोल कमी. परवा आवाजावरूनच कळलं मला," हे खाली बघत म्हणाले. मग जरा मोठ्याने, म्हणजे आतल्या खोलीपर्यंत जाईल असं, "सांग तुझ्या नणंदेला, पुढचा ब्रेक बदलल्याशिवाय ही गाडी दाराबाहेर जाणार नाही. तो जुना ड्रम ब्रेक मी बसवू देणार नाही."

वन्सं दारात आल्या. "वहिनी, भावाला सांगा, डिस्क ब्रेक आयता लटकलेला नाही कुठे."

"तिला सांग, भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली एक गाडी आहे. पुढचं सगळं शाबूत आहे. अख्खा पुढचा भाग उचलून आणायचा."

"त्यांना सांगा, तो हिला बसणार नाही."

"तिला सांग, लेथवाल्याकडून मधे बसणारी कडी, बुश, करून घेतला की बसतो. माझ्या डोक्यात सगळं आहे."

दोघं हाताच्या अंतरावर, आणि मधे मी, हातात चहाचे कप. "दोघांना सांगते," मी म्हणाले, "चहा निवतोय." तेव्हा कुठे एकमेकांकडे बघितलं दोघांनी. भावाने कार्बोरेटर पुढे केला. बहिणीने घेतला आणि उलटसुलट करून म्हणाली, "शिलाई चांगली आहे." यांचे कान लाल झाले.

मग पडवीत दोघं आणि मिस्त्री. कॅम भंगारात मिळाला, थोडा वापरलेला, पण गुळगुळीत. पुढचा भाग आणला, बुश केला, डिस्क बसवली. मागचा दणका झेलणारा शॉक दुसऱ्या कुठल्या गाडीचा, तोही जुळवला. पॅकिंग कापताना या खेपेला यांनी तेलाच्या भोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "जागा सोडलीस?" वन्संनी त्यांच्या हातावर कात्रीची मूठ मारली. टोमणे बंद नव्हते झाले, पण आता ते वेगळ्या चवीचे होते.

टेकडीचा दिवस आला. मापं वन्सं मधे एकदा चढ पायी चढून, सासऱ्यांच्या जुन्या टेपने घेऊन आल्या होत्या; गणवेश शिवून, इस्त्री करून तयार. थोडे पिशव्यांत मावले, उरलेला गठ्ठा कोणी मांडीवर धरायचा? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी? या वयात?"

"वहिनी, मी तुमच्यासाठी पँट शिवून ठेवलीय," वन्सं म्हणाल्या. "एका बाजूला पाय सोडून बसलात तर वळणावर तुम्ही वेगळ्या आणि मी वेगळी."

आयुष्यातली माझी पहिली पँट. कमरेत बरोबर बसली. मी आत बोट घालून बघितलं. जागा सोडलेली होतीच.

हे दारात उभे. टायर दाबून बघितला, आधी पुढचा, मग मागचा, मग पुन्हा पुढचा.

मी डोळे मिटून बसले होते. चढ लागला तसा इंजिनाचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. वन्संनी एक गिअर खाली घेतला आणि गाडी अशी चढायला लागली जशी चांगली कात्री कापडातून जाते. मी डोळे उघडले. गाव खाली, छतं, टाक्या, वाळत घातलेले कपडे. वन्संची पाठ ताठ. मला वाटलं, या बाईला मागच्या खोलीत बसवायला निघालो होतो आपण.

मोठ्या सिस्टरने गणवेश उलटून शिवण बघितली, मग खिडकीतून गाडी बघितली. "ही तुम्ही चालवत आणलीत?"

"मीच शिवलीय," वन्सं म्हणाल्या. सिस्टरला वाटलं गणवेशाबद्दल बोलतायत.

उतारावर ते वळण आलं. यांचं वळण. मी गठ्ठा नसलेल्या मांडीवर हात घट्ट आवळले. वळणापलीकडे पाण्याचा टँकर आडवा, ड्रायव्हर मागे-पुढे करत होता. वन्संनी ब्रेक दाबला. पुढचं चाक दबलं, गाडी थरथरली आणि थांबली. टँकरपासून बऱ्यापैकी लांब. माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं.

"वहिनी, नाक जागेवर आहे ना?"

"आहे. तुमच्या पाठीत अडकलंय."

त्यांनी हँडलवरून एक हात उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग टँकर गेला आणि आम्ही खाली आलो.

हे दारातच होते. निघताना होते त्याच जागी. मला वाटतं हललेच नव्हते.

"ब्रेक?" एवढंच विचारलं.

"धरला. वळणावर. पूर्ण धरला."

"हं." यांनी डिस्कवर हात ठेवला, चटका बसला, झटकन काढला. मग पुढच्या खोलीकडे गेले. संध्याकाळी मोबाईलवाला आला तेव्हा यांनी त्याला उंबऱ्यातच थांबवलं. "खोली रिकामी नाही. इथे टेलरिंगचं दुकान आहे. दिसत नाही का?" आणि त्याला टेपची आठवण करून दिली. ती त्याच्याच खिशात राहिली होती.

त्यानंतर वन्संनी किती वर्षं गाडी चालवली, हे मी मोजलेलं नाही. दवाखाना झाला, मग शाळा, मग खालच्या कारखान्याच्या डांगऱ्या. लोक माप द्यायला बोलवायचे आणि चहापाणी गाडीच्याच कौतुकात व्हायचं. दूरच्या गावाहून तरुण पोरं जुन्या गाड्यांची सीट शिवून घ्यायला यायची. हे म्हातारपणी पडवीत बसून त्यांना कार्बोरेटर समजावायचे. गेले तेही आवाज ऐकतच. सकाळी गाडी सुरू झाली, हे म्हणाले, "हवा बरोबर आहे," आणि दुपारी झोपेत संपले. वन्सं मात्र थांबल्या नाहीत. केस पांढरे झाले, हेल्मेटखालून वेणी बाहेर यायची, आणि चौकातला ट्रॅफिकचा शिपाई आधी त्यांना सोडायचा. गल्लीत कोणी नवीन आलं की लोक दाखवायचे: ती बॉबिनबाईंची गाडी, त्यांनी स्वतः शिवलीय.

मागच्या वर्षी एका सकाळी वन्सं उठल्या नाहीत. त्या सकाळपेक्षा मला आदला दिवस सांगायचाय.

माझे डोळे दाखवायचे होते, म्हणून मी गाडीवर मागे बसले होते. तीच पँट, दोनदा उसवलेली. वन्संनी नेहमीसारखी मान वाकडी करून इंजिनाच्या काचेतून तेल बघितलं, सुईत दोरा ओवताना बघायच्या तसं. पिशवीत एक छोटा गणवेश ठेवला, फळीवर सरळ. चढावर नेहमीच्या जागी गिअर खाली घेतला. मला डोळ्यांच्या खोलीपर्यंत सोडलं आणि मग दवाखान्यातल्या झाडूवालीच्या लेकीला तिचा शाळेचा झगा दिला. मी बाकावरून बघत होते. पोरीने तो अंगाला लावून बघितला. गुडघ्याच्या बराच खाली येत होता.

"मोठा आहे," ती म्हणाली.

"असू दे," वन्सं म्हणाल्या. खाली बसल्या, झग्याची किनार उलटी करून तिला आतलं दुमडलेलं कापड दाखवलं. "आत जागा सोडली आहे. वाढलीस की आण, उसवून देईन."